रोज भात आणि घेवडा खाऊन ब्राझीलची माणसं फिट कशी?

रेवती_कोथरूड:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं विचारून टाकते. आमच्या प्रोजेक्टवर साओ पाउलोची एक टीम आहे, त्यातली काही मंडळी मध्यंतरी पुण्यात येऊन गेली, त्यांना थाळी खायला नेलं तर भात बघून असे खूश झाले की विचारू नका. म्हणे आमच्याकडे पण दुपारी रोज भात आणि त्यावर घेवड्याची, म्हणजे राजम्यासारख्या कडधान्याची आमटी, त्याशिवाय जेवल्यासारखं वाटतच नाही. आणि सगळे कसे सुटसुटीत! एक जण तर पन्नाशीला टेकलेला, पोट नावाला नाही, आणि वाढप्याला थांबवून थांबवून भात घेत होता.

इकडे माझा जिमचा ट्रेनर. आधी रात्रीचा भात बंद केला, मग दुपारचा, आता पोळी पण एकच म्हणतोय. वजन आहे तिथेच आहे, चिडचिड मात्र वाढलीय असं घरचे म्हणतात. त्यात इन्स्टावर त्या रिओच्या बीचवरच्या रील्स येत राहतात, सत्तरीच्या आज्या पण व्हॉलीबॉल खेळतायत. तर नक्की काय आहे हे? खाण्यात काही आहे, की व्यायाम जास्त करतात, की मुळातच अंगकाठी तशी? तिकडे राहिलेलं कोणी असेल तर सांगा प्लीज, गुगलवरून कॉपीपेस्ट नको, ते मी पण करू शकते.

सांगलीचा_विन्या:

मी साओ पाउलोत नोकरीला आहे, बायकोमुलं पण इकडेच, त्यामुळे रोज जे दिसतं ते सांगतो.

पहिलं म्हणजे सगळे फिट असतात हे डोक्यातून काढा. तुमच्याकडे आलेली मंडळी आयटीतली, बरा पगार असलेली, त्यांच्यावरून देश ठरवू नका. इथलं आरोग्य मंत्रालय दरवर्षी फोनवरून सर्व्हे करतं, सगळ्या राज्यांच्या राजधान्यांमधल्या मोठ्या माणसांचा, त्यात २००६ साली लठ्ठ म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० च्या वर असणारे ११.८ टक्के होते, २०१९ मध्ये २०.३ टक्के झाले आणि २०२३ मध्ये २४.३. म्हणजे चारातला एक. बसमध्ये, मॉलमध्ये, मुलाच्या शाळेच्या गेटवर उभं राहिलं की ते दिसतंच, रील्समध्ये दिसत नाही एवढंच.

पण दुपारच्या जेवणाबद्दल मात्र तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि मला वाटतं खरी गंमत तिथेच आहे. इथे दुपारचं जेवण ही सिरियस गोष्ट आहे. सहा तासांच्या वर काम असेल तर किमान एक तास सुट्टी द्यायची असं कामगार कायद्यातच आहे, आणि तो तास लोक खरंच जेवायला वापरतात, लॅपटॉपसमोर डबा उघडून बसलेला माणूस दिसला तर बिचाऱ्याचं काही बिनसलंय का असं बघतात. बहुतेक कंपन्या जेवणाचं कार्ड देतात, १९७६ पासून सरकारची तशी योजनाच आहे. मग सगळे उठून जवळच्या वजनावरच्या हॉटेलात जातात. हा प्रकार आपल्याकडे का नाही मला कळत नाही. रिकामी प्लेट उचलायची, सुरुवातीला सगळं कच्चं मांडलेलं असतं, लेट्यूस, टोमॅटो, बीट, किसलेलं गाजर, मग भात, घेवडा, लसणावर परतलेली एक हिरवी पालेभाजी जी इतकी बारीक चिरतात की शेवयांसारखी दिसते, भाजलेलं चिकन किंवा बीफ, अंडं, आणि शेवटी कुरकुरीत भाजलेलं कसाव्याचं पीठ भुरभुरवायला. प्लेट काट्यावर ठेवायची, चिठ्ठी मिळते, जाताना पैसे भरायचे. काकडीला आणि मांसाला एकच भाव, त्यामुळे माझ्यातला सांगलीकर अजूनही काकडी ओलांडून थेट मांसाकडे जातो, पण इथली माणसं खरंच अर्धी प्लेट हिरवीगार भरतात. आणि प्लेट तोलून मिळणार म्हटल्यावर कोणी आग्रह करत नाही, "अजून एक घ्या हो" नाही, मला वाटतं आपल्या पोटांचं निम्मं मूळ त्या आग्रहातच आहे.

जेवून आले की ऑफिसच्या बाथरूममध्ये रांगेने दात घासतात, बॅगेत ब्रश असतोच. पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसायला आलं होतं, आता मी पण घासतो. साइड इफेक्ट असा की त्यानंतर चार वाजेपर्यंत बिस्किटाला हात लावायची इच्छा होत नाही.

बुधवारी आणि शनिवारी मात्र फेजोआदा. काळा घेवडा आणि त्यात डुकराचे सगळे प्रकार रटरटून शिजवलेले, सोबत संत्र्याच्या फोडी. ते खाऊन दुपारी कोणी काम करत असेल तर मला भेटवा.

खवचट_काका:

विनयराव छान लिहिलंत, पण तुम्ही फारच सभ्य आहात म्हणून मी सांगतो. रील्समधली जी शरीरं आहेत ना ती भातावर झालेली नाहीत. कॉस्मेटिक सर्जरीत अमेरिका आणि ब्राझील हेच दोन देश वर्षानुवर्षं आलटून पालटून वरती असतात. आणि भूक मारायच्या गोळ्या, ॲम्फेटामाइन म्हणजे मेंदूला उत्तेजना देणाऱ्या औषधांच्या घराण्यातल्या, त्यांचा खप तिकडे इतका वाढला होता की २०११ साली त्यांच्या औषध खात्याला त्यातल्या तीन औषधांवर बंदी घालावी लागली. डॉक्टर लोकांनी त्यावर आरडाओरडा केला, नंतर संसदेत उलटसुलट कायदे झाले, तो वेगळाच तमाशा. सांगायचा मुद्दा असा की जिथे बाराही महिने लोक चड्डी-बनियनवर समुद्रावर हिंडतात तिथे बारीक दिसायचं प्रेशर पण तेवढंच असतं. आपल्याकडे निदान झब्ब्यात सगळं झाकून जातं.

आणि कोपाकबाना-इपानेमा हे रिओचे दोन बीच म्हणजे ब्राझील नव्हे. जुहूच्या चौपाटीवर सकाळी सहा वाजता पळणारी माणसं बघून कोणी म्हणालं की महाराष्ट्र काय फिट आहे हो, तर तुम्ही काय म्हणाल?

डाएट_नको_आहार_हवा:

मी आहारशास्त्रवाली, हॉस्पिटलमध्ये काम करते, आणि हा माझ्या अगदी आवडीचा विषय असल्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

रेवती, तुझ्या पाहुण्यांच्या थाळीतली जी जोडी आहे ना, भात आणि घेवडा, ती पोषणाच्या दृष्टीने एकदम पक्की आहे. लायसिन आणि मेथिओनिन हे प्रोटीनचे दोन घटक, तांदळात लायसिन कमी, घेवड्यात लायसिन भरपूर, घेवड्यात मेथिओनिन कमी ते तांदूळ भरून काढतो, शिवाय घेवड्याचा फायबर असल्यामुळे नुसत्या भाताने साखर जशी पटकन चढते तशी चढत नाही आणि पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. आपलं वरण-भात तेच आहे की! फरक प्रमाणात आहे. आपल्याकडे भाताचा डोंगर आणि त्यावर पळीभर पातळ वरण ज्यात डाळ शोधावी लागते, त्यांच्याकडे घेवडा दाट असतो आणि डावभर घेतात. तुझ्या ट्रेनरने भात बंद करण्याऐवजी वरण घट्ट करायला सांगितलं असतं तर चिडचिड तरी वाचली असती.

आता दुसरी गोष्ट, जी मला खरी महत्त्वाची वाटते. साओ पाउलो विद्यापीठात कार्लोस मोंतेइरो म्हणून प्राध्यापक आहेत, त्यांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. घराघरांतल्या खरेदीचे आकडे बघितले तर तेल, साखर, मीठ यांची खरेदी कमी होत चाललेली, म्हणजे लोक शहाणे झाले म्हणायचं, पण लठ्ठपणा तर वाढतोय. मग साखर जाते कुठे? तर ती बिस्किटं, कोल्ड्रिंक, इन्स्टंट नूडल्स, सॉसेज यांच्या पाकिटातून पोटात जातेय, घरच्या डब्यातून नाही. म्हणजे साखर-तेल घरी आणणारा माणूस अजून स्वयंपाक करतोय आणि ते एका अर्थी चांगलं लक्षण आहे. त्यातून २००९ मध्ये त्यांनी अन्नाची नवी वर्गवारी मांडली, अन्नात प्रोटीन किती फॅट किती हे न बघता त्याच्यावर कारखान्यात किती प्रक्रिया झालीय यावरून, आणि आज जो अल्ट्राप्रोसेस्ड शब्द सगळीकडे ऐकू येतो तो तिथून आलेला आहे.

२०१४ मध्ये ब्राझील सरकारने जी आहाराची मार्गदर्शिका काढली ती याच विचारावर. त्यात कॅलरीचे तक्ते नाहीत, पिरॅमिड नाही. ताजं, कमी प्रक्रिया केलेलं, घरी शिजवलेलं खा, अल्ट्राप्रोसेस्ड टाळा, आणि पुढे चक्क असं लिहिलंय की वेळेवर खा, सावकाश खा, शक्य असेल तर चारचौघांत बसून खा, स्वयंपाक येत असेल तर पोराबाळांना शिकवा, आणि जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. सरकारी कागदात! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं हे कोणाच्या तरी आजीने डिक्टेट केलंय. शाळेच्या जेवणाचं पण तसंच, २००९ च्या कायद्याने पोषण आहाराच्या केंद्राच्या पैशातला निदान ३० टक्के माल छोट्या शेतकऱ्यांकडून घ्यायचा असं ठरवलं.

त्यांच्याकडे २०१७-१८ च्या सर्व्हेत एकूण कॅलरीजपैकी साधारण २० टक्के अल्ट्राप्रोसेस्डमधून येत होत्या, अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये हाच आकडा निम्म्याच्या वर आहे. म्हणजे घेवडा अजून टिकून आहे. पण हळूहळू कमी होतोय, आणि वर विनयने दिलेले लठ्ठपणाचे आकडे त्याच काळात वाढलेत. फक्त तेच कारण असं मी म्हणणार नाही, पण २०१९ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला, २० माणसांना आणून ठेवलं, दोन आठवडे पाकिटातलं आणि दोन आठवडे साधं जेवण, दोन्हीत साखर, फॅट, फायबर सारखंच मांडलेलं, हवं तेवढं खा म्हणाले, तर पाकिटातल्या जेवणात लोक रोज जवळजवळ ५०० कॅलरी जास्त खात होते. त्यांना कळत पण नव्हतं.

पेडण्याचा_बाब:

ह्या धाग्यावर आमचा गोंयकार हक्क आहे म्हणून लिहितो. काजू ब्राझीलचो, पोर्तुगीजांनी आणलो, पपई, अननस, मिरची सगळं त्याच बाजूचं. आणि उपवासाचा साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कसावा पण मूळचा तिथलाच, तो भुरभुरवायच्या पिठाचा विन्या म्हणाला ना तोच कंद.

तिकडच्या ईशान्य भागात त्याच कसाव्याच्या स्टार्चची पांढरी धिरडी करतात, तव्यावर नुसती चाळून पसरायची, तेल नाही काही नाही, स्वतःच चिकटते, आत चीज किंवा अंडं घालून दुमडायची. जिमवाली मंडळी पावाच्या ऐवजी ही खातात आणि हेल्दी म्हणतात. अरे तो शुद्ध स्टार्च आहे बाबांनो! फक्त आत अंडं असतं आणि आपण साबुदाण्यात तूप, दाणे, बटाटा घालून वर वाटीभर दही घेतो आणि त्याला उपवास म्हणतो, फरक एवढाच.

आणि असाई. आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या कॅफेत आता त्याचे जांभळे वाडगे विकतात सुपरफूड म्हणून, भाव विचारू नका. ॲमेझॉनकडच्या बेलेमला, जिथे ते फळ होतं तिथे लोक ते साखरेशिवाय खातात, सोबत तळलेला मासा आणि कसाव्याचं पीठ, जेवण म्हणून. रिओ-साओ पाउलोत तेच ग्वाराना नावाच्या तिथल्याच फळाचं गोड सिरप घालून, आइस्क्रीमसारखं गोठवून, वर ग्रॅनोला. म्हणजे आमची सोलकढी कोणी साखर घालून गोठवून विकली तर कसं होईल.

रेवती_कोथरूड:

बापरे, केवढं छान लिहिलंय सगळ्यांनी! आहारताई, वरण घट्ट करण्याचं आजच सासूबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या मी तेवीस सालापासून हेच सांगतेय पण तुला इंटरनेटवरच्यांचं पटतं. असो.

पण व्यायामाचं कोणीच बोललं नाही. काकांचं मान्य, बीच म्हणजे देश नाही, पण काहीतरी करत असतीलच ना?

सांगलीचा_विन्या:

करतात आणि नाही पण करत, दोन्ही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या आकड्यांवर जो अभ्यास काढला होता त्यात ब्राझीलमधले ४७ टक्के मोठे लोक पुरेशी हालचाल न करणारे निघाले, भारतात तेव्हा ३४ टक्के. आपल्यापेक्षा ते आळशी! नंतरच्या अभ्यासात आपण पण पन्नाशीला टेकलो म्हणा. इथे जे करतात ते खूप करतात आणि जे नाही करत ते अजिबात नाही. शहराच्या टोकाच्या वस्तीत राहणारी बाई पहाटे निघून बस-मेट्रो-बस करत कामावर येते आणि रात्री घरी पोचते, तिला कुठला व्हॉलीबॉल.

पण जागा आहेत, ते मात्र मानावं लागेल. साओ पाउलोचा पाउलिस्ता अव्हेन्यू म्हणजे बँका, ऑफिसं, ट्रॅफिक, आपल्या लक्ष्मी रोड आणि बीकेसीची खिचडी, तो २०१५ पासून रविवारी गाड्यांना बंद. पावणेतीन किलोमीटर रस्ता नुसता माणसांचा, सायकली, स्केटिंग, आजोबा-आजी हातात हात घालून चालतायत, मधेच कोणी ड्रम वाजवतंय, त्याच्याभोवती लोक नाचतायत. आमची धाकटी तिथेच सायकल शिकली. इबिरापुएरा पार्क आहे, शहराला चारशे वर्षं झाली म्हणून १९५४ मध्ये केलेलं, संध्याकाळी ऑफिस सुटलं की पळणाऱ्यांची जत्रा. रिओत समुद्राकडच्या लेन रविवारी बंद असतात, काठाने शहाळंवाले, आणि वाळूवर फुटेव्होली म्हणजे व्हॉलीबॉलच्या जाळीवर फुटबॉल, हात लावायचा नाही, डोक्याने, छातीने, पायाने. एकदा खेळून बघा, दोन मिनिटांत वाळू फेफडं बाहेर काढते.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र ह्यातली कुठलीच नाही. सरकारी दवाखान्यांच्या जोडीने व्यायामाची केंद्रं आहेत, २०११ पासून आरोग्य मंत्रालयाची योजना आहे, त्याच्या आधी रेसिफे शहराने २००२ मध्ये सुरू केलं होतं. फुकट. मोकळ्या जागेत किंवा छोट्या हॉलमध्ये एक शिकवणारा शिक्षक, पगारी, आणि समोर वस्तीतल्या बायका, बहुतेक पन्नास-साठीच्या, बीपी-शुगरवाल्या, दवाखान्यातूनच पाठवलेल्या. आमच्या कामवाल्या बाई जातात आठवड्यातून तीन सकाळी, रबराचा पट्टा ओढायचा, खुर्चीवरून उठबस, मग शेवटी गाणं लावून नाच. त्यांना विचारलं गुडघा कसाय तर म्हणाल्या गुडघा तसाच आहे पण आता घरी बसवत नाही, तिथे मैत्रिणी झाल्यात, एक दिवस गेलं नाही तर दुसऱ्या दिवशी फोन येतो कुठे होतीस म्हणून. आता हे आपल्या महापालिकेच्या बागेतल्या त्या निळ्या-पिवळ्या मशिनींशी ताडून बघा. मशीन आहे, शिकवणारा नाही, पोरं झोके घेतात आणि काका लोक त्यावर बसून राजकारण बोलतात.

पुरुषांचं म्हणाल तर आठवड्यातून एकदा फुटबॉल. मैदान भाड्याने घेतात, वयाची अट नाही, पोटं सुटलेले पण खेळतात, तासभर जीव खाऊन पळतात. मग तिथेच शेगडीवर मांस भाजायला टाकतात आणि बिअर. हिशोब मांडला तर सगळं परत वसूल होऊन वर शिल्लक राहतं.

खवचट_काका:

बागेतल्या मशिनीवर राजकारण बोलण्याने पण कॅलरी जळतात, विशेषतः निवडणुका जवळ आल्या की.

पण त्या सरकारी केंद्राचं पटलं. आमच्या सोसायटीत योगाचा क्लास आहे तिथे पण तेच, योग राहतो बाजूला, जोशीबाई आल्या नाहीत म्हणून सगळ्या जणी त्यांच्या घरी, तिथे पुन्हा चहा-पोहे. जोशीबाईंचं वजन काही कमी झालेलं नाही पण नवरा गेल्यावर त्या क्लासमुळेच सावरल्या हे मात्र खरं.

जिम_शरद:

थोडं ट्रेनर लोकांच्या बाजूने बोलू द्या. रेवतीताई, भात बंद करायला सांगतो तो एवढ्यासाठीच की भात मोजून खा सांगितलं तर कोणी मोजत नाही, बंद म्हटलं की निदान अर्धा होतो. ब्राझीलच्या जिममधल्या पोरांचं ठरलेलं जेवण माहितीये का? उकडलेलं चिकन आणि रताळं. तिकडे ह्यावर जोक चालतात इतकं ते कॉमन आहे. म्हणजे कार्ब ते पण सोडत नाहीत. तुमच्या ट्रेनरला विचारा वजन किती उचलता, की नुसती ट्रेडमिल चालू आहे. खाणं कापत गेलात आणि वजन उचललं नाहीत तर स्नायू जातात, मग काटा अडतो आणि चिडचिड होते, भाताचा काय दोष त्यात.

रेवती_कोथरूड:

शरद, ट्रेडमिलच चालू आहे 😐 विचारते.

विनय, त्या घेवड्याची रेसिपी टाकाल का? इकडे कोणता घेवडा वापरू? राजमा मला पचत नाही फारसा.

सांगलीचा_विन्या:

कोरेगावचा वाघ्या घेवडा आणा! इकडे साओ पाउलोत जो रोज खातात त्याच्या अंगावर पण तश्शाच पट्ट्या असतात, तपकिरी, मी पहिल्यांदा दुकानात बघितला तेव्हा वाटलं साताऱ्याहून आलाय की काय. राजम्याचाच भाऊ आहे पण साल पातळ.

रात्री भिजत घाला, पाणी फेकून द्या, पचायचा त्रास त्यानेच बराच कमी होतो. नवीन पाणी आणि तमालपत्र घालून कुकरला लावा. इथल्या कुकरला शिट्टी होत नाही, वरचा खडा नुसता गोल फिरत सुं-सुं करत राहतो, अकरा वाजता बिल्डिंगच्या जिन्यात उभं राहिलं तर प्रत्येक दारामागून तो आवाज येतो. आपल्याकडे चार-पाच शिट्ट्या काढा, बोटाने चेपला गेला पाहिजे. मग कढईत थोडं तेल, भरपूर ठेचलेला लसूण, कांदा, लालसर झाला की शिजलेला घेवडा डावभर त्यात घाला आणि डावाच्या पाठीने तिथेच चेचा, मग उरलेला घेवडा पाण्यासकट ओता, मीठ, आणि दहा मिनिटं उकळू द्या. चेचलेल्यामुळे दाटपणा येतो, पीठबीठ लावायचं नाही. मिरची नाही, हळद नाही, मसाला नाही. पहिल्या दिवशी बेचव वाटेल.

पेडण्याचा_बाब:

वर थोडो खोबऱ्याचो रस घातलो तर?

डाएट_नको_आहार_हवा:

बाब, मग ते तुमचं गोव्याचं तोणाक झालं, नारळातली उसळ.

रेवती_कोथरूड:

हिंग घातला तर चालेल ना? सासूबाई विचारतायत, हिंगाशिवाय कडधान्य घरात शिजणार नाही म्हणतात.

सांगलीचा_विन्या:

चालेल की, आम्ही पण घालतो. फक्त तुमच्या टीमला सांगू नका, इकडे बायकोने एकदा हिंगाची डबी उघडली तर शेजारीण गॅस लीक झालाय का विचारायला आली होती.